दिलेलं आणि पोचलेलं

चिमूरच्या घरी ओसरीवर निवांत बसा. श्वास आत जाऊ द्या, बाहेर येऊ द्या. घाई नको.

आता शिरेतून दिलं जाणारं एक औषध मनात आणा. त्यातलं ल्युटेशियम-177 ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून किरणोत्सारी औषधांचं काम चालत आलं आहे. औषध गाठीला चिकटतं, फार तर दोन मिलिमीटरपर्यंत मारा करतं. सुमारे साडेसहा दिवसांत ल्युटेशियमचा जोर निम्म्यावर येतो.

इथे थोडं थांबा.

2017 साली निष्कर्ष छापून आलेल्या, अशाच औषधाच्या नेटर-1 चाचणीत अनेक देशांतल्या रुग्णांसाठी एकच मात्रा ठरली होती: दर आठ आठवड्यांनी 7.4 गिगाबेकरेल, चार वेळा. मात्रा सारखी, शरीरं मात्र वेगळी. कुणाची मूत्रपिंडं औषध लवकर बाहेर टाकतात, कुणाच्या अंगात ते रेंगाळतं. दिलेलं बेकरेलमध्ये मोजतात, पोचलेलं ग्रेमध्ये. किलोभर पेशींत एक ज्यूल ऊर्जा उतरली की एक ग्रे.

पण सगळी केंद्रं सारखीच मोजतात का? दोन गावांच्या पायल्या लहानमोठ्या असतील, तर धानाच्या राशींची तुलना कशी करणार? म्हणून आधी प्रत्येक केंद्राची उपकरणं पडताळतात. फँटम म्हणजे शरीराच्या जागी ठेवायचं, पाणी भरलेलं भांडं; त्यात माहीत असलेली मात्रा घालून ते किरणांची प्रतिमा घेणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली ठेवतात. कॅमेरा किती दाखवतो, खरं किती आहे, हे ताडून पाहतात.

मग पाळी माणसाची. औषध किती काळ टिकलं, हे एका प्रतिमेतून नीट कळत नाही; काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहावं लागतं. चिमूरहून मुंबईला गेलेल्या माणसाला ही आणखी एक प्रतिमा म्हणजे वाढलेला मुक्काम, बुडालेली मजुरी, सोबत अडकलेला मुलगा. एकाच प्रतिमेवर भागवलं तर त्याचे कष्ट वाचतात, आकड्यातली अनिश्चितता वाढते.

दोन्ही बाजू मनात धरून ठेवा. लगेच निवाडा करू नका.

आणि मोजलेला आकडा ताडायचा कशाशी? मूत्रपिंडांसाठी सांगितली जाणारी 23 ग्रेची मर्यादा बाहेरून दिलेल्या किरणोपचाराच्या अनुभवातून आली. सावकाश मारा करणाऱ्या औषधाला ती तशीच लागू पडेल असं नाही. ती सुधारायला पुष्कळ रुग्णांची, एकाच मापाने घेतलेली मोजणी लागेल.

शेवटी एवढंच विचारा: ज्याने मुक्काम वाढवून ही मोजणी करू दिली, त्याच्या अंगात किती पोचलं, हे त्याला कुणी सांगितलं का?