कॉलेजातून नाव काढण्याआधी

सकाळी सहा-साडेसहाला सोलापुरातून पुण्याच्या बाजूला निघालेल्या कंपन्यांच्या बस बाळे, केगाव, कोंडी करत चिंचोळी एमआयडीसीत शिरतात. पहिल्या पाळीची पोरं खिडकीला डोकं टेकून डुलकी काढत असतात. केगावला विद्यापीठाचं फाटक मागे पडतं, तेव्हाही त्यातली बहुतेक झोपेतच असतात. काहींच्या पाकिटात आधार कार्डामागे कॉलेजचं ओळखपत्र असतं. सुट्टीपुरतं म्हणून ठेकेदाराकडे धरलेलं काम सुट्टी संपली तरी सुटलेलं नसतं.

आज बोलायचंय ते अशाच एका मुलाशी.

कॉलेज सोडलं, असं तू घरात अजून सांगितलेलं नाहीस, कारण तसं तू ठरवलेलंच नाहीस. कॉलेज एका दिवसात सुटत नाही. आधी एक प्रॅक्टिकल बुडतं, जर्नल अपुरं राहतं. अपुरं जर्नल घेऊन सरांसमोर कसं जायचं, म्हणून पुढचंही प्रॅक्टिकल बुडतं. निकालात दोन-तीन विषय राहतात. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख उलटून जाते. घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसलं, की विचारायचं कुणाला हेही कळत नाही. पैशांची ओढाताण खरीच. पण पैशांपेक्षा लाजेपायी सुटलेली कॉलेजं जास्त असावीत, असं मला वाटतं. नापास होण्याची लाज, फी थकल्याची लाज, वर्गात इंग्रजी कळत नाही याची लाज.

कंपनीतल्या कामात कमीपणा काहीच नाही. तुझ्या पगारावर घराचं दूध आणि लाइटबिल भागतं, हे मोठंच आहे. तरी एक गोष्ट डोळे उघडून बघ. रसायनांच्या कारखान्यात तू बॅरल भरतोस, लेबल चिकटवतोस, गाडीत चढवतोस. त्याच बॅरलमधला नमुना काचेच्या दारापलीकडे जातो आणि तिथे पांढऱ्या कोटातली, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली मुलगी ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडत त्याची तपासणी करते. ती तपासणी तू पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला केली आहेस. तुझ्या आणि तिच्या मधे ते दार आहे, आणि ते बीएस्सीच्या पदवीने उघडतं. औषधांच्या कारखान्यात तर उत्पादनावर देखरेख करणारा माणूस किती शिकलेला हवा, हे सरकारी नियमांतच लिहिलेलं आहे. बॅरल भरण्याचा कितीही वर्षांचा अनुभव त्या जागी चालत नाही.

सोलापूरला हा धडा नवा नाही. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा या गावाचं घड्याळ होता. बापाच्या जागी बदली कामगार म्हणून लागायचं, तर शाळा कशाला, असं तेव्हा घरोघरी वाटायचं, आणि त्यात चूकही काही दिसत नव्हती. साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी. त्या साच्यांवर आयुष्य घातलेल्या माणसांचं कसब मोठं होतं, पण ते दुसरीकडे दाखवायला हातात कागद नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप आयएएस झाले, ही गोष्ट तू ऐकली असशील. पोलिओने अधू झालेला पाय, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आईसोबत गावोगाव विकलेल्या बांगड्या. मला या गोष्टीत कलेक्टरच्या खुर्चीपेक्षा मधला तुकडा मोलाचा वाटतो. बारावीत असताना वडील गेले, आणि तरी त्यांनी परीक्षा दिली. पुढे खर्च परवडेना, म्हणून कमी पैशात होणारं आणि लवकर नोकरी देणारं डी.एड. केलं. पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली, मास्तरकी केली. सरळ वाट बंद झाली तेव्हा ते आडवाटेने गेले, पण चालायचे थांबले नाहीत.

अशा वाटा तुलाही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण झालं की प्रमाणपत्र, दुसरं झालं की पदविका मिळते. मिळवलेले क्रेडिट तुझ्या नावाच्या खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात, मधे खंड पडला तरी पुन्हा प्रवेश घेता येतो. आणि नियमित कॉलेज अगदीच झेपेना, तर 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे.

घरच्यांनाही एक विनंती. ‘शिक बाबा, आमच्यासारखं नको व्हायला’ हे वाक्य तुमच्या मुलाने हजारदा ऐकलंय. त्या वाक्याने त्याचं ओझंच वाढतं. त्यापेक्षा एक दिवस त्याच्यासोबत कॉलेजात जा. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी जा. बाप शेजारी उभा असला, की क्लार्कला प्रश्न विचारायला पोराला धीर येतो.

आणि तुला दुसरी पाळी लागेल त्या आठवड्यात सकाळ मोकळी मिळते. तेव्हा कॉलेजात जा. राहिलेल्या विषयांचा फॉर्म कधी भरायचा, थकलेली फी हप्त्याने चालेल का, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत जागा आहे का, एवढं विचार. मग प्रयोगशाळेत जाऊन सरांना भेट, आणि जर्नल अपुरं आहे हे तू स्वतःच आधी सांग.