गाडी कशी आहे?

मराठी माणसाची अमेरिकेतली वाटचाल पाहायची असेल, तर मंडळाच्या गणपतीला हॉलमध्ये शिरण्याआधी बाहेरच्या पार्किंग लॉटवर एक नजर टाकावी. पूर्वी तिथं कॅमरी आणि ॲकॉर्डच्या रांगा असत, त्यातही निम्म्या सेकंडहँड. मग मुलं झाली, आजी-आजोबा उन्हाळ्यात येऊ लागले आणि मिनिव्हॅनचं युग आलं. आता मुलं कॉलेजात गेली, गुडघे बोलू लागले, वाकून आत शिरायची सेडान नकोशी झाली, आणि मिनिव्हॅनच्या जागी छोटी लक्झरी एसयूव्ही येऊन उभी राहिली. १९९८ मध्ये लेक्ससने आरएक्स-३०० आणून या प्रकाराची वाट मोकळी केली म्हणायला हरकत नाही. पुढे बी.एम.डब्ल्यू.ची एक्स-थ्री, अक्युराची आरडीएक्स, ऑडीची क्यू-फाइव्ह असं करत आज जवळजवळ प्रत्येक नामांकित कंपनीची एक तरी आहे. उंच बसायला मिळतं, बर्फात बरी चालते, पार्क करायला अडचण नाही, आणि नाकावरचा बिल्ला भारतातल्या नातेवाइकांनाही ओळखता येतो. हे शेवटचं कारण मोठ्याने कोणी सांगत नाही.

अशा गाडीच्या मालकाला कोणीतरी विचारतं, "कशी आहे गाडी?" आणि तो म्हणतो, "फर्स्ट क्लास!" मला इथं येऊन सत्तावीस वर्षं झाली. या प्रश्नाला आपल्या माणसाकडून दुसरं उत्तर मिळालेलं मला आठवत नाही. टोयोटावाला मोकळेपणी कुरकुरतो. सीट कडक आहे, आवाज फार येतो, म्हणून सांगतो. लक्झरीवाला मात्र दर तीन महिन्यांनी डीलरने दिलेली लोनर गाडी घेऊन देवळात येत असला, तरी त्याची गाडी फर्स्ट क्लासच असते. हेच गृहस्थ कन्झ्युमर रिपोर्ट्सची वार्षिक पाहणी घरी बसून भरतात, तेव्हा गेल्या बारा महिन्यांत काय काय बिघडलं ते इमानेइतबारे लिहितात. निनावी कागदावर खरं बोलायला माणसाला लाज वाटत नाही.

यात लबाडी थोडी आणि माणूसपण जास्त आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाचं मनातल्या विसंगतीवरचं पुस्तक १९५७ साली आलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नुकतीच गाडी घेतलेली माणसं आपल्याच गाडीच्या जाहिराती अधिक वाचतात. विचारात घेतलेल्या पण न घेतलेल्या गाड्यांच्या कमी. पैसे मोजून झाल्यावर कसली आली जाहिरात? पण आपण मूर्ख ठरलो नाही, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जितके पैसे जास्त, तितकं जास्त वेळा. "फर्स्ट क्लास" हे उत्तर समोरच्याला दिलेलं नसतंच, ते स्वतःला दिलेलं असतं.

पण समोरचा ते ऐकतो आणि कधीकधी त्यावर विसंबून पन्नास हजार डॉलर घालतो. माझा प्रश्न इथून सुरू होतो.

या गाड्यांचा एक व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. बहुतेक लक्झरी कंपन्यांची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा पन्नास हजार मैलांची असते, जे आधी संपेल ते. पहिला मालक पुष्कळदा तीन वर्षांच्या लीजवर गाडी घेतो, नव्या चामड्याचा वास, रस्त्यावरचा दिमाख, फुकट दुरुस्ती असं सगळं उपभोगतो आणि वॉरंटी असतानाच परत करतो. जे. डी. पॉवरच्या ज्या 'सुरुवातीच्या गुणवत्ते'च्या मानांकनाचा जाहिरातीत उदो उदो होतो, ते पहिल्या नव्वद दिवसांच्या तक्रारींवर बेतलेलं असतं. नव्वद दिवसांत तर जावईसुद्धा वाईट वाटत नाही! खरी दुखणी पुढे निघतात. तेल जळू लागतं, सनरूफच्या नळ्या तुंबून छतातून पाणी ठिबकतं. एक साधा वाटणारा सेन्सर बदलायला आधी तीन भाग काढावे लागतात. त्या वेळी गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असते. त्याची ऐपत पहिल्यापेक्षा कमी, म्हणून तर त्याने जुनी घेतली. पण गाडी स्वस्त झाली तरी तिचे भाग स्वस्त होत नाहीत. सुख एकाला आणि बिल दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. ती टाळता येणार नसेल, तरी निदान बिल येणार आहे हे दुसऱ्याला आधी कळायला हवं. आणि ते फक्त पहिल्याला ठाऊक असतं.

गावाकडच्या बैलबाजारात घेणारा बैलाचे दात बघे, त्याला चालवून बघे, मग रुमालाखाली दलालाचा हात धरून बोटांनी भाव ठरे. पण जुंपल्यावर तासाभराने मध्येच बसकण मारायची खोड आहे की नाही, हे दातांवरून कळत नाही. ते जाणतो एकटा मालक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्री मोडण्यावर वेगळं प्रकरण आहे, आणि रोगी जनावर धडधाकट म्हणून विकणाऱ्याला दंडही सांगितला आहे. म्हणजे दुखणं जुनंच.

इथला कायदा काय म्हणतो? डीलरने जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकतो आहोत, हे लिहिलेला कागद लावला पाहिजे, असा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १९८५ पासून आहे. वर्षाकाठी पाचांहून जास्त जुन्या गाड्या विकणाऱ्याला तो लागू. तुम्ही-आम्ही घरची एक गाडी विकतो, त्याला नाही. खोटं बोललात, मायलेजचे आकडे फिरवलेत तर गुन्हा. पण न विचारलेलं न सांगणं सहसा कायद्याच्या हाती लागत नाही. कायदा जिथं संपतो, तिथं माणसाला स्वतःच विचार करावा लागतो.

या प्रश्नावर मला सापडलेली सगळ्यात चांगली चर्चा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. रोमचा सिसेरो इ.स.पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर पुस्तक लिहितो. (परगावी शिकणाऱ्या मुलाला बापाने लांबलचक उपदेश पाठवायचा, ही चाल फक्त आपलीच नव्हे तर!) त्यात एक घर विकायला निघतं. घर रोगट आहे, लाकूड किडकं आहे, पण हे मालकाशिवाय कोणाला माहीत नाही. सांगावं का? डायोजेनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन तत्त्वज्ञांची बाजू सिसेरो मांडतो. गुरू म्हणतो, मी कोणाला बळजबरी केलेली नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत, आणि 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी पिटणारा मालक कोणी पाहिलाय? शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं पाप, तर समोरच्याला समजूनउमजून चुकीच्या वाटेला लावणं त्याहून वाईट. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. पण तो एक बारीक भेद करतो आणि मला तो फार पटतो. गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. ज्याच्याशी त्या गोष्टीचा संबंध आहे, त्याने ती जाणू नये अशी आपल्या फायद्यासाठी इच्छा धरून गप्प बसणं, ते लपवणं. डाव्या दाराची कुरकुर सांगितली नाही, तर मी काही पापी ठरत नाही. पण एखादी गोष्ट ऐकून समोरचा किंमत कमी करेल, असं वाटूनच जर मी ती गिळत असेन, तर ती नेमकी सांगायची गोष्ट आहे.

त्याच पुस्तकात एक गंमतशीर गोष्ट आहे. सिराक्यूजचा एक सावकार बागबंगला विकायचा म्हणून गावातल्या कोळ्यांना सांगतो, की उद्या माझ्या बागेसमोर येऊन मासे धरा. जेवायला आलेला पाहुणा त्या होड्या बघून खुळावतो आणि वाटेल त्या किमतीला बाग घेतो. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजारी म्हणतो, इथं कधीच कोणी मासे धरत नाही, काल काय झालं होतं कोण जाणे! टेस्ट ड्राइव्हच्या आदल्या रात्री स्कॅनर लावून चेक इंजिनचा दिवा पुसणारे लोक याच सावकाराचे वंशज. पण १९९६ पासूनच्या गाड्यांत एक सोय आहे. कोड पुसला की गाडीच्या अंतर्गत चाचण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस 'तयार नाही' असं दाखवतात. वीस-पंचवीस डॉलरच्या स्कॅनरवर ते दिसतं. जुनी गाडी बघायला जाताना तो खिशात असू द्यावा.

आमच्याकडे हा विषय पुस्तकातून बाहेर आला तो गाडी विकताना. आठ वर्षांची, ब्याऐंशी हजार मैल चाललेली. दर बाराशे मैलांना एक क्वार्ट तेल पिणारी, मुसळधार पावसात उजव्या कोपऱ्यातून ठिबकणारी. बाकी उत्तम. सर्व्हिसवाल्यांच्या मते तेवढं तेल 'नॉर्मल' होतं. ओळखीतला एक तरुण, वर्षभरापूर्वी आलेला, बायकोला सातवा महिना. म्हणाला, "काकू, तुमची गाडी म्हणजे बघायलाच नको. डोळे झाकून घेतो."

मला त्याचे ते दोन शब्द टोचले. डोळे झाकून. डायोजेनीसचा सगळा युक्तिवाद घेणाऱ्याच्या डोळ्यांवर उभा आहे, आणि हा मुलगा ते आमच्यावरच्या विश्वासाने मिटून घेणार. परक्याची गाडी असती तर त्याने शंभर-दीडशे डॉलर देऊन मेकॅनिकला दाखवली असती. यजमानांचं म्हणणं होतं, "किंमत कमी सांगितलीय ना, त्यात सगळं आलं. विचारलं तर सांगू." ते खोटारडे नाहीत, व्यवहार असाच चालतो. पण कमी किमतीचं कारण तेल, की काकूंची माया, हे त्या मुलाने कसं ओळखायचं? मी आमची तेलाची वही त्याच्यापुढे ठेवली. कुठल्या तारखेला, किती मैलांवर, किती घातलं, सगळं. त्याने दोन दिवस मागून घेतले आणि मग नाही म्हणाला. त्याच्या आईचा पुण्याहून फोन आला. "बरं झालं हो सांगितलंत," म्हणाल्या, पण आवाजात थोडं असंही होतं, की अशी गाडी माझ्या मुलाला देऊच कशी केलीत.

मग यजमान म्हणाले, "आता डीलरला दे आणि मोकळी हो. तिथं काही बोलू नकोस." आणि मला वाटतं, आपली खरी परीक्षा इथं आहे. आपल्या माणसाला सांगायचं, परक्याला नाही, ही वाटणी आपण सहज करतो आणि तिला चक्क चांगुलपणा म्हणतो. डीलर तज्ज्ञ आहे, त्याच्याकडे लिफ्ट आहे, मेकॅनिक आहे, त्याला मी शिकवायची गरज नाही, हे मान्य. पण गाडी त्याच्याकडे थोडीच राहणार? त्याच्यामागे कोणीतरी उभं आहेच. रात्रपाळीची नर्स असेल, कालच आलेलं व्हिएतनामी कुटुंब असेल, कोणा दुसऱ्याच काकूंचा मुलगा असेल.

मी डीलरच्या माणसाला तेलाचं सांगितलं. त्याने अपघात, कर्ज, सिगारेट विचारलं होतं. तेल विचारलं नव्हतं. त्याने टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि आकडा एका डॉलरनेही हलला नाही. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलं आणि २००१ मध्ये नोबेल मिळवलं. त्याचं म्हणणं मला तिथं त्या खुर्चीत बसून समजलं. चांगली-वाईट ओळखता येत नसली, की घेणारा वाईटच धरून चालतो आणि तोच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही. डीलरचा आकडा आधीपासूनच तेल पिणाऱ्या गाडीचा होता. आमच्या मंडळातही सगळ्याच गाड्या फर्स्ट क्लास असल्यामुळे, ज्याची खरोखर फर्स्ट क्लास आहे, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

वही मी ग्लोव्ह बॉक्समध्ये, मालकाच्या पुस्तिकेखाली ठेवून आले. तीन आठवड्यांनी ती गाडी त्यांच्या जाहिरातीत दिसली. धुऊन-पुसून चकचकीत, एकाच मालकाची, उत्तम निगा राखलेली, आम्हाला मिळाले त्याहून चार हजार डॉलर जास्त. फोटो चौदा होते. ग्लोव्ह बॉक्सचा एकही नव्हता.