आरोपकर्त्याचे आसन

हिब्रू बायबलातील एलीया हा क्षमेचा संदेष्टा नव्हे. आहाब राजाच्या काळात बळावलेल्या बआल-उपासनेला त्याने कर्मेल पर्वतावर आव्हान दिले आणि विजयानंतर बआलच्या संदेष्ट्यांचा कीशोन ओढ्याकाठी वध केला. पुढे होरेब पर्वतावर त्याने देवापुढे गाऱ्हाणे मांडले, ते स्वजनांविरुद्ध : इस्राएलाने करार मोडला आहे, एकनिष्ठ असा आपण एकटाच उरलो आहोत. ज्यू लोककथांतील एलीया मात्र भिक्षेकऱ्याच्या वा वाटसरूच्या वेषात दरिद्री माणसाच्या दारी येतो, त्याचे संकट निवारतो आणि ओळख पटण्यापूर्वी नाहीसा होतो. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात. उग्र पुरुषाचे हे रूपांतर म्हणजे सोयीस्कर विस्मरण समजावे काय?

परंपरेची साक्ष वेगळी आहे. ‘मेखिल्ता’ या प्राचीन भाष्यात एलीयावर स्पष्ट ठपका आहे : त्याने पित्याचा मान राखला, पुत्राचा राखला नाही, म्हणजे देवाची बाजू घेतली, लोकांची घेतली नाही. ‘पिर्के द-रब्बी एलिएझर’ या ग्रंथात तर देवच त्याला सुनावतो की, ज्यांनी करार मोडल्याचे तू सांगतोस, त्यांच्या प्रत्येक सुंतेला तू साक्षी राहशील. सुंताविधीत एलीयासाठी स्वतंत्र आसन मांडण्याची प्रथा या कथेशी जोडली जाते. या आसनाला सन्मानाइतकाच प्रायश्चित्ताचाही अर्थ आहे. आरोपकर्त्याला येथे हाकलून दिलेले नाही. ज्यांच्यावर त्याने आरोप केला त्यांच्याच घरी, पिढ्यान्‌पिढ्या, त्याला बसविले आहे.

तालमुदातील एक कथा हेच सूत्र पुढे नेते. भर बाजारात एक रब्बी एलीयाला विचारतो, येथे परलोकाचा अधिकारी कोण? एलीया एका तुरुंगाधिकाऱ्याकडे आणि नंतर दोघा विदूषकांकडे बोट दाखवितो. तो अधिकारी बंदिवान स्त्रियांचे शील जपतो. विदूषक दुःखितांना हसवितात आणि भांडणाऱ्यांत समेट घडवितात. एकेकाळी स्वतःखेरीज कोणी निष्ठावंत न दिसलेल्या डोळ्यांना आता गर्दीतले अप्रसिद्ध सज्जन दिसू लागले आहेत.

कोकणातील बेने इस्राएल समाजातही हाच गृहागत एलीया ‘एलियाहू हनबी’ म्हणून वसला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी तो प्रकट झाला होता अशी या समाजाची श्रद्धा आहे; नवस फेडताना पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने करतात.

तथापि या करुणेला एक सीमा आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथील, इ.स. २४५च्या सुमारास रंगविलेल्या आणि १९३२ साली उजेडात आलेल्या प्रार्थनागृहात एलीया विधवेच्या मृत मुलाला जिवंत करताना दिसतो. पण तेथेच बआलच्या वेदीखाली गुप्तपणे अग्नी पेटविण्यासाठी दडलेला हिएल सर्पाच्या तोंडी पडलेलाही दिसतो. बायबलात हा प्रसंग नाही; तो दंतकथेने रचला. स्वजनांवरील एलीयाचा राग निवविणाऱ्या त्याच लोकप्रतिभेने प्रतिपक्षाचा नाश अधिकच न्याय्य ठरविला. कीशोनकाठी मेलेल्यांसाठी कोणतेही आसन मांडलेले नाही.

ज्या पैशाच्या मालकीचा वाद सुटत नाही, तो एलीया येईपर्यंत तसाच ठेवावा, असे मिश्नाचे सांगणे आहे. परंतु आपल्यांपुरती असलेली करुणा पुरेशी आहे काय, हा प्रश्न खुद्द एलीयाविषयीचा आहे. त्याचा निवाडा त्याच्यावर सोपविता येत नाही. तो त्याच्यासाठी दार उघडणाऱ्यांनीच करावयाचा आहे.