मान, अधिकार आणि छाननीचे टेबल

तृतीयपंथीयांना सार्वजनिक जीवनात जे मिळते त्यात मान किती आणि अधिकार किती, हे वेगळे करून पाहावे लागते. बाळाच्या बारशाला आशीर्वादासाठी बोलावणे, कुंभमेळ्यात किन्नर आखाड्याच्या महामंडलेश्वरांपुढे रांग लागणे, हा मान. तो देणाऱ्याच्या मर्जीवर टिकतो. अधिकार म्हणजे ज्याच्या सहीने दुसऱ्याचे काम होते किंवा अडते ती जागा.

नागपुरात ही दरी विशेष जाणवते. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी तृतीयपंथी समाजाचेच अंग आहेत, त्यांचे महामंडलेश्वर आहेत, कुंभात त्यांना स्थान आहे, असे सांगितले. संघाच्या प्रमुखाने हे उघडपणे म्हणणे लहान गोष्ट नाही. त्याच वर्षी शहर पोलिसांनी कलम १४४ खाली आदेश काढून तृतीयपंथीयांना चौकात जमण्यास आणि न बोलावता घरोघरी जाऊन पैसे मागण्यास मनाई केली. पैशांसाठी अडवणूक होते अशा लोकांच्या तक्रारी होत्या, हे मान्य. पण गुन्हा करणारी व्यक्ती असते. आदेशात नाव आले ते सबंध समूहाचे. मानाचा इथे काहीही उपयोग झाला नाही.

अधिकाराची गोष्ट निघाली की पक्षांकडून एकच उत्तर येते: समाज अजून तयार नाही. म्हणून पक्ष प्रवक्तेपद देतात, स्वतंत्र सेल काढतात आणि उमेदवारीला हात आखडता घेतात. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले आणि २०२४ मध्ये रावेरमधून शमिभा पाटील यांना विधानसभेची उमेदवारीही दिली. असे धाडस क्वचितच दिसते. समाज तयार नसल्याचे हे कारण मात्र पुराव्यावर टिकत नाही.

पुरावा नागपूरच्या शेजारीच आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्यात आजच्या मध्य प्रदेशातील कटनी व सागर आणि छत्तीसगडमधील रायगड ही गावे होती. कटनीने या शतकाच्या सुरुवातीलाच कमला जान यांना महापौर केले. २००९ मध्ये सागरने कमला बुआ यांना निवडले. २०१५ मध्ये रायगडमध्ये अपक्ष मधू किन्नर यांनी भाजपच्या उमेदवाराला ४,५३७ मतांनी हरवले. शबनम मौसी तर सोहागपूरच्या आमदार म्हणून २००३ पर्यंत मध्य प्रदेश विधानसभेत होत्या. महाराष्ट्रात माळशिरस तालुक्यातील तरंगफळने २०१७ मध्ये माऊली ऊर्फ ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच केले. पाणी, गटार, रस्ता यांना कंटाळलेला मतदार पक्षांच्या समजुतीपेक्षा बराच पुढे होता.

यावरून नेमणूक म्हणजे वरून मिळालेला मान आणि निवडणूक म्हणजे खरा अधिकार, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण नागपूरचेच उदाहरण त्याला छेद देते. २०१८ मध्ये तृतीयपंथी विद्या कांबळे नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. महाराष्ट्रातली ही पहिलीच अशी नेमणूक. लोकअदालतीचे काम वरकरणी साधे दिसते. टेबलामागे पॅनेल, समोर थकलेले कर्ज, न वटलेला धनादेश किंवा अपघाताच्या भरपाईची फाइल, दोन्हीकडचे पक्षकार आणि मधे घासाघीस. तडजोड झाली की पॅनेलच्या सह्या होतात, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते. त्यावर अपीलही नाही. चौकात ज्यांना हटकले जाते त्यांच्यापैकी एकीची सही तिथे चालते. ही नेमणूक होती, तरी तिला नुसता मान म्हणता येत नाही.

उलट कटनीत निवडून येऊनही अधिकार गेला. महापौरपद महिलांसाठी राखीव होते. कमला जान कायद्याच्या दृष्टीने पुरुष ठरल्या, निवड रद्द झाली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. लोकांनी दिलेले पद अर्जातल्या लिंगाच्या रकान्याने काढून घेतले. तेव्हा खरी रेघ नेमणूक आणि निवडणूक यांच्यामध्ये नाही. ती व्यक्ती कोण आहे हे कोण ठरवणार, यावर सगळे येऊन थांबते.

१५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीला दिला. तरीही जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला राखीव प्रभागातला ग्रामपंचायतीचा अर्ज छाननीत बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडून आल्या. मात्र त्यांनी आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख निवडली आहे, पुढे फायद्यासाठी त्या पुरुष म्हणवून घेणार नाहीत, या आधारावर तो निकाल उभा आहे.

राखीव जागेवर बायकांचा हक्क कमी होतो, ही शंका प्रामाणिक आहे. बायकांना ती जागा फार झगडून मिळाली. पण लिंगामुळे सत्तेबाहेर ठेवलेल्यांसाठीच ती असेल, तर स्त्री म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथीयांना तिथून हाकलण्याचे कारण उरत नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे: स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणता तृतीयपंथी म्हणूनच नोंदवणाऱ्यांचे काय? २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या ओळख प्रमाणपत्राची सोय केली, पण निवडणुकीतील राखीव जागांबद्दल त्यात काहीच आले नाही. नागपूर महापालिकेच्या १५१ जागांपैकी निम्म्या महिलांसाठी आहेत, म्हणजे हा प्रश्न निम्म्या शहराचा आहे. त्याचे उत्तर राज्य निवडणूक आयोगाने अर्ज भरण्यापूर्वी लेखी द्यायला हवे. छाननी आणि चिन्हवाटप यांच्यामध्ये मोजके दिवस असतात आणि तेवढ्यात उच्च न्यायालय गाठणे प्रत्येक उमेदवाराला जमणारे नाही.