दत्तकपण : देवाच्या घरची रीत

वाचावयाचा भाग : रोमकरांस पत्र ८:१४-१७, गलतीकरांस पत्र ४:४-७



आपल्या मंडळ्यांत अशी कित्येक घरे आहेत की जेथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, परंतु पाळणा हालत नाही. अशाच एका दांपत्याने दत्तक लेकरासाठी आपले नाव नोंदविले असून ते आशेने वाट पाहत आहे. त्यांच्यासाठी प्रार्थनेची विनंती झाली, तेव्हा कोणी हळूच विचारिले, "लेकरू कोणत्या रक्ताचे, हे कसे कळावे?" ह्या प्रश्नाचा विचार आपण शास्त्राच्या उजेडात करू.

औगुस्त कैसराने इ. स. ४ मध्ये तिबिर्यास दत्तक घेतले. तिबिर्य त्याच्या रक्ताचा नव्हता, तरी इ. स. १४ मध्ये तोच साम्राज्याचा धनी झाला. लूक ३:१ मध्ये ज्याचे नाव आढळते तो हाच कैसर. म्हणून पौलाने रोम येथील मंडळीस दत्तकपणाविषयी लिहिले, तेव्हा तिला अर्थ सांगावा लागला नसेल. दत्तक पुत्र हा दयेने पोसलेला आश्रित नव्हे, तर घरचा पुरा वारस होय. आपणही देवाच्या घरी जन्महक्काने आलो नाही. त्याने ख्रिस्तामध्ये आपणांस घेतले, म्हणून आपण त्यास बाप म्हणतो. प्रभूस येशू हे नाव ठेविले तेही योसेफाने, आणि त्याच्याच द्वारे तो दाविदाच्या वंशात गणिला गेला.

आणखी एक गोष्ट आठवा. १८९७ व १९०० ह्या दुष्काळांच्या साली पंडिता रमाबाईंनी शेकडो अनाथ मुलींस केडगाव येथे आश्रय दिला. दुसऱ्या मिशनांनीही आपापल्या ठाण्यांत तसेच केले. त्या लेकरांची जात-गोत न विचारिता त्यांच्या पानात भाकरी वाढण्यात आली. आज आपल्यापैकी कित्येकांची कुळे त्यांच्यापासूनच चालत आली आहेत. मग आपणच दुसऱ्या लेकराचे रक्त कसे विचारावे?

पूर्वी कायद्याचीही अडचण होती. १८९०च्या कायद्यान्वये ख्रिस्ती दांपत्यास केवळ पालक होता येत असे, आईबाप नव्हे. आणि पाल्य वयात येताच ते पालकपणही संपे. पुढे बालन्याय कायद्याने वाट मोकळी केली, आणि हा मार्ग कोणत्याही धर्माच्या मनुष्यास खुला आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. आता नोंदणी, समाजसेवकाकडून घराची पाहणी, मग लेकराची भेट, अशा पायऱ्या आहेत. सप्टेंबर २०२२ पासून शेवटला हुकूम जिल्हाधिकारी देतात. त्या दिवसापासून लेकरू सर्व बाबतींत त्या आईबापांचेच ठरते. पौलाची शिकवण किती स्पष्टपणे येथे दिसते!

तेव्हा आमची तीन विनवण्या आहेत. कोणी दवाखान्यातून वा मध्यस्थामार्फत पैसे देऊन लेकरू आणून देतो म्हणेल, तर त्यास दूर ठेवा. लेकराची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे व पापही आहे. उपदेशकांनी अशा दांपत्यास कागदपत्रांच्या कामी साहाय्य करावे आणि त्यांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबली तरी त्यांस प्रार्थनेत विसरू नये. आणि लेकरू घरी येईल तेव्हा कोणाच्याही तोंडून 'पोसलेले' हा शब्द निघू नये. मंडळीने आपल्या सर्व लेकरांप्रमाणेच त्याचा आनंदाने स्वीकार करावा.

वाट पाहणाऱ्या बंधूस व भगिनीस आम्ही एवढेच सांगतो : वांझपण हा शाप नव्हे, आणि तुमची रिकामी खोली देवाच्या नजरेआड नाही. वंश चालावा म्हणून नव्हे, तर एका लेकरास आईबाप मिळावेत म्हणून तुम्ही दार उघडले आहे. ज्याने आपणांस घरात घेतले, तोच तुमची आशा आपल्या वेळी सफळ करो. आणि ती सफळ होण्यास विलंब लागला, तरी तुमचा विश्वास ढळू न देवो. आमेन.