मूळपेशी: देणारा कोण?



मिस्साच्या वेळी येणाऱ्या प्रार्थनेच्या विनंत्यांत कर्करोगाच्या रुग्णांची नावे वारंवार असतात. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावहून पुण्याला आणि पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयात खेपा घालताना घर मेटाकुटीला येते. अशा वेळी कोणीतरी सांगते, की ‘स्टेम सेल’ने कर्करोग बरा होतो, म्हातारपणही थांबते, पण ख्रिस्तसभेचा त्याला विरोध आहे. यात खरे किती?

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. छाटणीनंतर द्राक्षाची वेल बोडकी दिसते, पण काडीवरच्या डोळ्यात नवी फूट दडलेली असते, हे आपल्या बागायतदारांना ठाऊक आहे. आपल्या हाडांतील मज्जेतही अशा पेशी असतात. त्या जन्मभर नवे रक्त तयार करतात.

मार्च १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जा रोपण झाले. भारतातील या उपचाराची ती सुरुवात होती. लहानपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीतून रुग्णसेवा करीत आले. त्या मुलीला मज्जा मिळाली तिच्या भावाची. या उपचारात रुग्णाची रोगट मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे देतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. घेणाऱ्याला आशा मिळते आणि देणारा सुखरूप घरी जातो. अशा उपचाराला ख्रिस्तसभेचा विरोध कधीच नव्हता. २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये अवयवरोपण तज्ज्ञांपुढे बोलताना संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी संशोधकांना प्रौढ पेशींचाच मार्ग दाखवला होता.

विरोध आहे तो दुसऱ्या मार्गाला. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून मूळपेशी काढल्या. त्या काढताना भ्रूण नष्ट होतो. हा प्रश्न दूरदेशीचाही नाही. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने संशोधनासाठी मान्य केलेल्या पेशीमालिकांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात मालिका होत्या.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. वंध्यत्वाच्या उपचारात उरलेले भ्रूण नाहीतरी टाकलेच जातात. आपल्या देशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. पुढे नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनाला देता येतात. मग ते रुग्णांच्या कामी का येऊ नयेत?

आम्हाला उलट विचारावेसे वाटते: ‘नाहीतरी जाणारच आहे’ हा न्याय आपण अंथरुणाला खिळलेल्या आजीला लावू का? मरण जवळ आले म्हणून माणूस वस्तू होत नाही. गोठवून ठेवलेल्या भ्रूणांचे पुढे काय करावे, याला निर्दोष उत्तर नाही, हे ख्रिस्तसभेने २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजात मान्य केले आहे. पण एका अन्यायावर दुसरा अन्याय रचता येत नाही. प्रभू येशूने इतरांसाठी स्वतःचा प्राण दिला. दुसऱ्या कोणाचा देऊ केला नाही. दान आणि बळी यांतला फरक इथेच आहे.

विज्ञानाची वाटही इथे अडली नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींसारखे गुण आणून दाखवले. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागला नाही. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

राहिले म्हातारपण. वयाबरोबर मूळपेशी थकतात, त्यांच्यात चुका साठतात. पण पेशीने न थांबता वाढत राहणे हेच तर कर्करोगाचे लक्षण आहे. वाढीचा लगाम सैल केला, की तोच धोका समोर येतो. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूळपेशींचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या आजारांसारख्या ठराविक रोगांपुरताच मान्य केला. बाकी सारे प्रयोगाच्या चौकटीतच करायचे. तेव्हा तारुण्य परत आणणाऱ्या इंजेक्शनसाठी कोणी पैसे मागितले, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी सरकारी किंवा कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांना विचारा. वार्धक्य हा काही पुसून टाकायचा डाग नव्हे. आपल्या वृद्धांना इंजेक्शनपेक्षा आपला वेळ अधिक हवा असतो.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. बाकीचे रुग्ण अनोळखी दात्याची वाट पाहतात. आपल्या धर्मग्रामातील अठरा वर्षांवरील तरुण-तरुणींनी दाता म्हणून नाव नोंदवण्याचा विचार करावा, डॉक्टरांकडून नीट माहिती घ्यावी. जीवनाच्या बाजूने आपण नुसते बोलतो असे होऊ नये. आपल्या हाडांतूनही त्याची साक्ष देता येते.