कलई आणि कल्हई

हिंदीत 'कलई खुलना' म्हणजे एखाद्याचे ढोंग उघडे पडणे. आमच्या घरातल्या मराठीत कल्हई नुसती उडायची. उडाली की पातेले कल्हईवाल्याकडे जायचे, त्यात कुणाची अब्रू जात नसे. शब्द एकाच घरातले, कथलाचा पातळ थरही तोच. पण एका भाषेने त्यात खोटेपणा पाहिला, दुसरीने वापर. रायपूरला राहून या दोन भाषांत ये-जा करताना हा फरक मला भाषांतरातला किरकोळ पेच वाटे. आता तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि निमित्त आहे मोबाइलच्या कडांचे.

रंगीत धातूचा फोन वापरून वापरून कोपऱ्यांवर पांढुरका होतो, चार्जिंगच्या भोकाभोवती चंदेरी ओरखडे उमटतात. आपण म्हणतो, रंग उडाला. खरे तर ॲल्युमिनियमवरचा हा रंग भिंतीसारखा वरून फासलेला नसतो. धातू आम्लाच्या द्रावणात बुडवून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागातून ऑक्साइडचा थर तयार होतो. त्यातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि छिद्रांची तोंडे बंद करतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात. थर कठीण असतो, पण केसाच्या जाडीहून पातळ, आणि खालचा धातू मऊ. धारदार कडेवर ठोसा बसला की टवका जातो.

२०१२ साली काळ्या आयफोन ५ च्या कडा अशाच उघड्या पडू लागल्या. एका ग्राहकाच्या पत्राला ॲपलचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी दिलेले उत्तर तेव्हा वर्तमानपत्रांत गाजले. ॲल्युमिनियमच्या कुठल्याही वस्तूवर वापराने ओरखडे येतात, टवके जातात, आणि धातूचा नैसर्गिक चंदेरी रंग दिसतो. यात वावगे काही नाही, असा त्याचा आशय. रसायनशास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. मी मात्र 'नैसर्गिक' या शब्दापाशी अडते. चंदेरी रंग नैसर्गिक, तर ज्याचे पैसे घेतले तो काळा कोण? विकताना तो फोनचा स्वतःचा रंग होता. टवका गेल्यावर तो पाहुणा ठरला. (पुढच्या वर्षीच्या मॉडेलात तो गडद काळा गेला आणि फिकट राखाडी आला.)

२०१६ च्या चकचकीत काळ्या आयफोन ७ बद्दल कंपनीनेच बारीक अक्षरांत लिहिले होते, की वापराने यावर सूक्ष्म ओरखडे दिसतील, काळजी वाटत असेल तर कव्हर घाला. लोक हसले. रंगासाठी पैसे मोजायचे आणि तो रबराखाली झाकायचा! मला तरी ती तळटीप त्या उत्तरापेक्षा सरळ वाटते. निदान आधी सांगितले.

कल्हईचा व्यवहार याहून पुढचा होता. भांडे तापवायचे, नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठायचा, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. हा थर जाणार हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. तो जाऊ देऊन चालतही नसे, कारण पितळेत आंबट पदार्थ कळकतो. थर खोटा नव्हता, कारण तो पुन्हा देणारा माणूस होता. फोनचा रंग पुन्हा चढवायचा तर फोन उसवून धातू पुन्हा आम्लात घालावा लागेल. ते गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचे काम नव्हे. कोंडागावच्या ढोकरा कामातल्या पितळी मूर्तीला हात लागून लागून जे तेज येते त्याची अपेक्षा मी फोनकडून करत नाही. मूर्तीवर वरून चढवलेला वेगळा थर नसतो, पृष्ठभाग हा धातूच असतो. झिजली तरी खाली तोच धातू निघेल.

फोन चालतोय ना, मग रंगाचे कसले कौतुक, असे कुणी म्हणेल. बाजारानेही तसेच म्हटले असते तर मी गप्प बसले असते. पण रायपूरच्या रवि भवनात, किंवा कुठल्याही शहरातल्या तशा बाजारात, जुना फोन विकायला न्या. तो सुरू करण्याआधी उलटा करून कोपरे पाहिले जातात. मखमली पिशवीत राहिलेल्या फोनला भाव येतो. मे महिन्याच्या उन्हात, घामेजल्या हाताने, किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशातून जो दिवसातून पन्नास वेळा काढावा लागतो, त्या घरपोच सामान देणाऱ्या मुलाच्या फोनचा भाव पडतो. ज्याने वस्तू सर्वाधिक कामाला लावली त्याच्याच नावावर हा दंड. आणि कोपरे पाहून 'नीट वापरला नाही' हा शेरा फुकट मिळतो, जणू दोष त्याच्या वळणाचा आहे, कडेवरच्या पातळ थराचा नाही.

मराठीत चंदनासारखे झिजणे ही स्तुती आहे. डाग हा वेगळा, तो लागतो. हिंदी मजकुरात फोनचा 'रंग उतर गया' आले की मी 'कडा झिजल्या' लिहिते. संपादक त्याचे 'फोन खराब दिसत होता' करतात. मी पुन्हा 'कडा झिजल्या' करून पाठवते.